‘रिव्हर्बरेट’: अर्थ, उगम आणि अचूक वापर

इंग्रजी-मराठी कोशात ‘रिव्हर्बरेट’ शोधले की बहुधा ‘प्रतिध्वनित होणे’ असा अर्थ सापडतो. तो चूक नाही, पण तेवढ्यावर विसंबून वाक्य लिहायला बसले की गाडी अडते. प्रतिध्वनी म्हणजे परत आलेला, वेगळा ऐकू येणारा आवाज. आपण ‘ओऽ’ म्हणतो, क्षणभर शांतता, मग समोरच्या कड्याकडून ‘ओऽ’ येते. ‘रिव्हर्बरेट’मध्ये मधली शांतता नसते. मूळ आवाज थांबला तरी तो जागेत भरून राहतो आणि विरत विरत संपतो. यासाठी मराठीत साधे, जुने क्रियापद आहे: घुमणे. शब्द हाताळायला सुरुवात करायची ती ‘घुमणे’पासून, ‘प्रतिध्वनी’पासून नाही.

आधी शब्द फोडा

शब्दाचे दोन तुकडे आहेत: ‘री’ आणि ‘व्हर्बरेट’. ‘री’ म्हणजे इथे ‘मागे, उलट’. ‘पुन्हा’ हा त्याचा दुसरा अर्थ इथे दुय्यम आहे. उरलेला तुकडा लॅटिनमधल्या ‘वेर्बेर’ या नामातून येतो. वेर्बेर म्हणजे चाबूक, छडी, फटका. लॅटिन लेखनात हा शब्द बहुतेक वेळा ‘वेर्बेरा’ असा अनेकवचनातच भेटतो, म्हणजे ‘फटके’. त्यावरून ‘वेर्बेरारे’, फटके मारणे. आणि त्याला ‘री’ लागून ‘रेवेर्बेरारे’, उलट फटकारणे, मागे परतवून लावणे. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या विनोदी नाटकांत ‘वेर्बेरो’ अशी शिवी सापडते. तिचा अर्थ ‘चाबकाचे फटके खायच्या लायकीचा’. आवाजाशी या कुळाचा मुळात काही संबंध नव्हता.

मराठी घटकांनी हाच शब्द घडवायचा तर तो होईल प्रति + आघात = प्रत्याघात. आवाज भिंतीवर आघात करतो, भिंत त्याला उलट आघात करते, मग दुसरी भिंत, मग छत. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की ‘रिव्हर्बरेट’चे पुढचे सगळे अर्थ आपोआप उलगडतात.

इथे एक चकवा आहे. ‘रिव्हर्ब’मध्ये ‘व्हर्ब’ दिसते म्हणून त्याचा संबंध व्याकरणातल्या ‘व्हर्ब’शी, म्हणजे क्रियापदाशी, जोडला जातो. तो नाही. क्रियापदाचे ‘व्हर्ब’ लॅटिनच्या ‘वेर्बुम’ म्हणजे ‘शब्द’ यावरून आले आहे, आणि इंग्रजीतला ‘वर्ड’ त्याचाच दूरचा भाऊबंद आहे. चाबकाचे कूळ वेगळे. मराठीतही असा भास होतो: घुमटात आवाज घुमतो म्हणून त्याला घुमट म्हणतात, असे सहज वाटून जाते. प्रत्यक्षात घुमट फारसीतल्या ‘गुंबद’वरून आला. अक्षरे जुळली म्हणून नाते ठरत नाही.

इंग्रजीत तो कसा शिरला

क्रियापदाच्या आधी नाम आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये ‘रिव्हर्बरेशन’ सापडते. तिथे म्हटले आहे, प्रत्येक आवाज म्हणजे हवेचे रिव्हर्बरेशन, आणि तो थोडा थोडा करून विरून जातो. ‘थोडा थोडा विरणे’ हा या शब्दाचा गाभा तेव्हापासूनच त्याच्यासोबत आहे.

क्रियापद त्यानंतर रुळले, आणि सुरुवातीला ते आवाजापुरते मर्यादित नव्हते. उष्णता, उजेड, काहीही उलट फेकले जात असेल तिथे ते चालायचे. शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मध्ये कमान आवाजाला ‘रिव्हर्बरेट’ करते, आणि लगेच पुढे पोलादी दार सूर्याचे रूप व उष्णता परत देते. त्याच्याच ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये ‘रिव्हर्बरेट हिल्स’ येतात. तिथे हाच शब्द विशेषण आहे, घुमणाऱ्या टेकड्या. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात राजाचा सरदार केंट ‘रिव्हर्ब’ असे आखूड क्रियापद वापरतो. आज गिटार वाजवणारे जो ‘रिव्हर्ब’ म्हणतात तो मात्र ‘रिव्हर्बरेशन’ छाटून विसाव्या शतकात बनलेला शब्द आहे. दोन्ही दिसायला सारखे, पण पहिल्यापासून दुसरा आलेला नाही.

उष्णतेचा अर्थ धातुकामात अजून जिवंत आहे. ‘रिव्हर्बरेटरी फर्नेस’ या भट्टीत जळण एका बाजूच्या कप्प्यात असते आणि धातू दुसऱ्या. ज्वाला मधल्या बुटक्या भिंतीवरून जाते आणि कमानदार छत तिची उष्णता खालच्या धातूवर उलट फेकते. कोळसा धातूला टेकत नाही, त्यामुळे कोळशातले गंधक लोखंडात उतरत नाही. हेन्री कॉर्ट या इंग्रज लोखंड-व्यावसायिकाने 1784 मध्ये लोखंड शुद्ध करायच्या ज्या पद्धतीचे पेटंट घेतले ती याच भट्टीवर उभी होती. फ्रेंचमध्ये तर रस्त्यावरच्या दिव्यालाच ‘रेव्हेर्बेर’ म्हणतात, कारण त्या दिव्यांत उजेड मागून उलट फेकणारा परावर्तक असे. लॅटिन चाबूक असा फ्रेंच दिव्यापर्यंत पोचला.

उच्चार आणि स्पेलिंग

चार अवयव: रि-व्हर्-ब-रेट. जोर दुसऱ्यावर, ‘व्हर्’वर. आपण मराठी बोलणारे चारही अवयव सारख्या वजनाने म्हणतो किंवा शेवटच्या ‘रेट’वर जोर देतो; मग इंग्रजी कानाला शब्द पटकन उमगत नाही. दुसरी चूक तिसरा अवयव गिळण्याची: ‘रिव्हर्ब्रेट’. हाच उच्चार पुढे स्पेलिंगमध्ये उतरतो आणि ‘बी’नंतरचा ‘ई’ गळतो.

स्पेलिंग एका दमात पाठ करू नका. ते चार तुकड्यांत बसते: आर-ई, व्ही-ई-आर, बी-ई-आर, ए-टी-ई. दोन, तीन, तीन, तीन. एकूण अकरा अक्षरे. मधले दोन तुकडे जुळे आहेत, फक्त पहिले अक्षर बदलते. तुकडे पाडून दोनदा लिहिले की पुन्हा चुकत नाही.

नाम ‘रिव्हर्बरेशन’मध्ये मुख्य जोर सरकून ‘रे’वर जातो. विशेषण ‘रिव्हर्बरंट’ म्हणजे जिथे आवाज फार घुमतो अशी जागा. इथे जोर पुन्हा ‘व्हर्’वर येतो. संगीतातल्या ‘रिव्हर्ब’ नामात जोर पहिल्या अवयवावर, आणि तो किंचित लांबवून ‘रीव्हर्ब’ असा म्हटला जातो.

वाक्य बांधताना

हे क्रियापद आजच्या इंग्रजीत मुख्यतः अकर्मक आहे. वाक्य दोन साच्यांत बसते, आणि मराठीत नेमके हेच दोन साचे आहेत हे आपले भाग्य.

पहिल्या साच्यात कर्ता आवाज असतो: ‘थंडर रिव्हर्बरेटेड थ्रू द व्हॅली.’ गडगडाट दरीभर घुमला. इथे ‘थ्रू’, ‘अराउंड’, ‘अक्रॉस’, ‘इन’ ही शब्दयोगी अव्यये येतात. ‘थ्रू’ म्हणजे आवाज जागेला भेदून सगळीकडे पोचला. ‘अराउंड’ म्हणजे तो आतल्या आत फिरत राहिला, म्हणून खोली, सभागृह, स्टेडियम यांना ते शोभते. ‘अक्रॉस’ मोकळ्या पसरट जागेला, मैदानाला, पाण्याला. आवाज आपटून परतणारी वस्तू सांगायची असेल तर ‘ऑफ’: ‘द शॉट रिव्हर्बरेटेड ऑफ द क्लिफ्स.’

दुसऱ्या साच्यात कर्ता जागा असते: ‘द व्हॅली रिव्हर्बरेटेड विथ थंडर.’ गडगडाटाने दरी दणाणली. मराठीतल्या ‘-ने’, ‘-नी’ या तृतीयेच्या जागी इथे ‘विथ’ बसते, ‘टु’देखील चालते. ‘बाय’ मात्र नको. ‘-ने’ दिसले की ‘बाय’ लिहायची आपली सवय इथेच अंगाशी येते, कारण त्यातून पुढची चूक जन्मते: ‘द हॉल वॉज रिव्हर्बरेटेड बाय क्लॅप्स.’ असे वाक्य इंग्रजी वाचकाला खटकते. एक तर कर्मणी प्रयोग चुकला, दुसरे म्हणजे टाळ्यांच्या गजराला ‘अप्लॉज’ हवे. बरोबर वाक्य: ‘द हॉल रिव्हर्बरेटेड विथ अप्लॉज.’

सकर्मक प्रयोग कोशात मिळतो, शेक्सपिअरची कमान तेच करते, पण आजच्या लेखनात तो जुनाट वाटतो. ‘भिंतींनी आवाज परतवला’ असे म्हणायचे असेल तर ‘रिफ्लेक्टेड’ लिहा.

‘रिव्हर्बरेट बॅक’ आणि ‘रिव्हर्बरेट अगेन’ लिहू नका. ‘मागे’ हा अर्थ ‘री’मध्येच आहे, ‘परत माघारी फिरला’सारखी ती द्विरुक्ती होते. ‘द एको रिव्हर्बरेटेड’ मात्र काही ठिकाणी चालते, कारण परत आलेला प्रतिध्वनीही घुमू शकतो. पण तसे खरोखर म्हणायचे असेल तरच.

काळ निवडताना शब्दातला रेंगाळणारा भाव लक्षात घ्या. एकाच क्षणात संपणाऱ्या आवाजाला हे क्रियापद शोभत नाही. सुई पडण्याचा आवाज सहसा रिव्हर्बरेट होत नाही; तोफेचा, घंटेचा, मोठ्या दाराचा होतो. ‘स्टिल’ आणि अपूर्ण काळ यांच्याशी त्याचे छान जमते: ‘इज स्टिल रिव्हर्बरेटिंग’, अजून घुमतोच आहे.

शेजारच्या शब्दांपासून वेगळा करा

सर्वांत जास्त गल्लत ‘रेझोनेट’शी होते. तो शब्द ‘सोनुस’ म्हणजे आवाज या लॅटिन शब्दाच्या कुळातला. याच कुळाची संस्कृत शाखा म्हणजे ‘स्वन’. भाषाविज्ञानातल्या ‘स्वनिम’ या मराठी संज्ञेत तो आपल्याला रोज भेटतो. ‘रेझोनेट’मध्ये आघात नाही, जुळणे आहे. एका तारेच्या कंपनाने तेवढ्याच वारंवारतेची दुसरी तार आपोआप थरथरू लागते, हा अनुनाद. म्हणून लाक्षणिक अर्थाने विचार ‘रेझोनेट’ होतो तेव्हा तो मनाला भिडतो, आपलासा वाटतो. ‘हिज आयडिया रेझोनेट्स विथ मी’ बरोबर. त्याच वाक्यात ‘रिव्हर्बरेट्स’ घातले तर अर्थ कोसळतो, कारण साच्यानुसार ‘विथ’नंतर आवाज हवा, माणूस नाही. मात्र कोणाचे बोलणे डोक्यात घुमत राहिले असेल तर ‘हर वर्ड्स रिव्हर्बरेटेड इन माय माइंड’ अगदी योग्य. ते शब्द पटले की नाही हे त्यातून कळत नाही. ते सुटत नाहीत एवढेच कळते.

‘रिझाउंड’ही ‘सोनुस’च्याच घरचा. त्यात भर मोठेपणावर आणि भरून जाण्यावर असतो. ‘रिझाउंडिंग व्हिक्टरी’, ‘रिझाउंडिंग नो’ हे ठरलेले जोड आहेत. तिथे ‘रिव्हर्बरेटिंग’ घालू नये. ‘एको’ सकर्मक चालतो आणि तिथे अर्थ ‘री ओढणे’ होतो: ‘शी एकोड हिज वर्ड्स’, तिने त्याचेच म्हणणे उचलून धरले. ‘रिव्हर्बरेट’ने हे काम होत नाही. ‘व्हायब्रेट’ म्हणजे थरथरणे. त्यात परत येणे नाही. ‘रिकोशे’ म्हणजे आपटून उसळणे; ते दगडाला किंवा गोळीला, आवाजाला क्वचितच.

कानाने फरक पटवून घ्यायचा असेल तर टाळीचा प्रयोग करा. सामान नसलेल्या बंद खोलीत एक जोरदार टाळी वाजवा. टाळीला जी शेपटी फुटते ते रिव्हर्बरेशन. मग मोकळ्या जागेत एखाद्या उंच, सपाट भिंतीपासून 25 ते 30 मीटर दूर उभे राहून तशीच टाळी वाजवा. आता दुसरी, सुटी टाळी ऐकू येईल, तो एको. कारण साधे आहे. आवाजाची जाणीव आपल्या मेंदूत सुमारे 0.1 सेकंद टिकते. 22 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सुमारे 344 मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे 0.1 सेकंदात तो 34.4 मीटर जातो, आणि जाऊन-येऊन तेवढे अंतर व्हायला भिंत किमान 17.2 मीटर दूर हवी. त्याहून जवळच्या भिंतींवरून परतणारे आवाज एकमेकांत मिसळतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत या दोहोंना दोन वेगळी नावे दिली आहेत, प्रतिध्वनी आणि निनाद. कोशकारांनीही ती पाळली असती तर बरे झाले असते.

लाक्षणिक अर्थ: इथे मराठी आपल्याला वाट दाखवते

बातमी, निर्णय, पराभव, घोटाळा यांचे परिणाम दूरवर आणि दीर्घकाळ जाणवत राहिले की ‘रिव्हर्बरेट’ येते: ‘द डिसिजन रिव्हर्बरेटेड अक्रॉस द इंडस्ट्री.’ याला मराठीत नेमका वाक्प्रचार तयार आहे: पडसाद उमटणे. ‘पडसाद’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे. संस्कृत ‘प्रतिशब्द’ प्राकृतात ‘पडिसद्द’ झाला आणि मराठीत ‘पडसाद’. ‘प्रति’चा असाच ‘पड’ पडछायेत आणि पडजिभेत दिसतो. म्हणजे दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे उलट येणाऱ्या आवाजाकडून परिणामाकडे झेप घेतली. इंग्रजीतले ‘रिपर्कशन’ हे आणखी एक उदाहरण. त्यातही ‘पर्कशन’चा, म्हणजे ठोकण्याचा, अर्थ आहे, तेही उलट आघातावरून परिणामांवर आले आणि सहसा अनेकवचनात येते, पडसादांसारखेच.

परिणाम बारीक किंवा तात्पुरता असेल तर हा शब्द नको. बैठकीची वेळ बदलली म्हणून काही ‘रिव्हर्बरेट’ होत नाही. आणि हा शब्द बहुधा हादरवणाऱ्या घटनांकडे झुकतो. आनंदाची बातमी पसरली असे सांगायला ‘स्प्रेड’ पुरते.

मराठीत उतरवताना

इंग्रजीत एक शब्द असला तरी मराठीत निदान पाच आहेत, आणि भाषांतर फसते ते इथे. कोशातला ‘प्रतिध्वनित’ सगळीकडे चिकटवला की वाक्य कोरडे पडते. निवड आवाजाच्या जातीवरून करा.

खोल, जड, रेंगाळणारा आवाज ‘घुमतो’: पारव्याचा, मेघाचा, रिकाम्या खोलीतल्या पावलांचा. धातूचा, स्वच्छ, लांबणारा आवाज ‘निनादतो’: घंटा, झांज, तार. स्फोट, तोफ, कोसळणारा कडा यांनी परिसर ‘दणाणतो’. अनेक कंठांचा किंवा वाद्यांचा, उत्साहाचा आवाज असेल तर जागा ‘दुमदुमते’. इथे जपायला हवे, कारण ‘दुमदुमणे’ला मंगल, उल्हासाची छटा आहे. ‘बॉम्बस्फोटाने परिसर दुमदुमला’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या अंगावर येते, आणि ते बातम्यांमध्ये अधूनमधून दिसतेही. तिथे दणाणला किंवा हादरला. परिणामांना ‘पडसाद’, आठवणीतल्या शब्दांना ‘कानात घुमत राहणे’.

कर्ता बदलला की मराठी क्रियापदही बदलावे लागते, हेही ध्यानात असू द्या. घोष घुमतो, पण घोषाने मैदान दुमदुमते. ‘मैदान घोषाने घुमले’ कवितेत खपेल. गद्यात ‘दुमदुमले’च सरळ.

तांत्रिक लेखनात

ध्वनिशास्त्रात ‘रिव्हर्बरेशन टाइम’ ही मोजायची राशी आहे: आवाज बंद केल्यापासून त्याची पातळी 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. 60 डेसिबल म्हणजे तीव्रता दहा लाखांश होणे. हे मोजण्याची रीत वॉलेस सेबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये 1895 पासूनच्या प्रयोगांत बसवली. तिथल्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमत असे. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे अख्खे वाक्य बोलून होई आणि सगळे एकमेकांत कालवले जाई. सेबाइनने ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या साधनांवर सूत्र काढले: वेळ = 0.161 × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण (भिंती, छत, सामान मिळून आवाज किती शोषतात ते, चौरस मीटरमध्ये). समजा खोली 10 × 8 × 4 मीटर, म्हणजे 320 घनमीटर, आणि शोषण 50 चौरस मीटर. तर वेळ येतो सुमारे 1.03 सेकंद. भाषणासाठी साधारण एक सेकंद किंवा त्याहून कमी बरा. वाद्यवृंदाच्या सभागृहाला दोन सेकंदांच्या आसपासचा घुमारा हवा असतो.

अशा लेखनात ‘रिव्हर्बरेशन’च्या जागी ‘एको’ लिहिणे ही शैलीची नाही, तथ्याची चूक ठरते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर ‘रिव्हर्ब’ आणि ‘डिले’ अशी दोन वेगळी बटणे असतात ती याचसाठी: ‘डिले’ सुट्या पुनरावृत्ती देतो, ‘रिव्हर्ब’ शेपटी देतो. 1957 मध्ये आलेल्या ईएमटी 140 या यंत्रात ती शेपटी टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या थरथरीतून मिळायची; गिटारच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत त्यासाठी स्प्रिंग असते. सोनोग्राफीतही हा शब्द येतो. ध्वनिलहर दोन समांतर पृष्ठांमध्ये येरझारा घालत राहिली की पडद्यावर सारख्या अंतराने खोट्या रेषा उमटतात. त्याला ‘रिव्हर्बरेशन आर्टिफॅक्ट’ म्हणतात. तिथे ऐकू येणारे काहीच नसते, त्यामुळे ‘निनाद’ हा मराठी प्रतिशब्द वाचकाला गोंधळात टाकतो. ‘वारंवार परावर्तनाने उमटलेल्या खोट्या रेषा’ असे उलगडून लिहावे.